कनिंगहॅम प्रकरण : दोषी लोकप्रतिनिधीचे निवृत्तिवेतन आणि उशिरा आलेला कायदा

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातील कॅलिफोर्नियाचे सदस्य रँडल 'ड्यूक' कनिंगहॅम यांनी २८ नोव्हेंबर २००५ रोजी सॅन दिएगो येथील संघीय न्यायालयात लाचखोरीच्या कटाचा आणि करचुकवेगिरीचा गुन्हा कबूल केला आणि त्याच दिवशी सदस्यत्वाचा राजीनामा देत असल्याचे जाहीर केले. त्यांनी स्वीकारलेल्या लाचेचा आकडा किमान २४ लाख डॉलर होता. ३ मार्च २००६ रोजी न्यायाधीश लॅरी बर्न्स यांनी त्यांना ८ वर्षे ४ महिन्यांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. त्यासोबत सुमारे १८ लाख डॉलर थकीत करापोटी भरण्याचा आणि जवळपास तेवढीच रक्कम जप्त करण्याचा आदेशही दिला. पद, प्रतिष्ठा, घर आणि स्वातंत्र्य असे सगळे गेले, तरी संसद सदस्यत्वाच्या काळाबद्दल मिळणारे त्यांचे निवृत्तिवेतन मात्र शाबूत राहिले. ते कोणाच्या मेहेरबानीने राहिले नव्हते. ते थांबवण्याचा अधिकार देणारा कायदाच त्या वेळी अस्तित्वात नव्हता. तो का नव्हता, नंतर आला तेव्हा कसा आला आणि आल्यावरही त्यात काय राहून गेले, हे या प्रकरणाच्या आधारे तपासता येते.

कनिंगहॅम हे सामान्य राजकारणी नव्हते. व्हिएतनाम युद्धात नौदलाचे वैमानिक म्हणून त्यांनी शत्रूची पाच विमाने पाडली होती, त्यांपैकी तीन १० मे १९७२ या एकाच दिवशी. नौदलातून निवृत्त झाल्यावर १९९० मध्ये ते प्रतिनिधिगृहावर निवडून आले आणि पुढे संरक्षण खात्याच्या खर्चाला मंजुरी देणाऱ्या उपसमितीत बसले. गुप्तचर विषयक समितीतही ते होते. संरक्षण खात्याचे कोणते काम कोणाच्या पदरात पडावे यावर या जागांवरून वजन टाकता येते, आणि त्यातला बराच भाग गोपनीय असल्यामुळे बाहेरच्या कोणाला तो सहसा दिसत नाही.

प्रकरण उघडकीस आले ते एका घराच्या व्यवहारातून. नोव्हेंबर २००३ मध्ये कनिंगहॅम यांनी सॅन दिएगोजवळच्या डेल मार भागातील आपले घर संरक्षण कंत्राटदार मिचेल वेड यांच्या कंपनीला १६ लाख ७५ हजार डॉलरना विकले. वेड यांनी ते लगेच पुन्हा विक्रीला काढले आणि अखेर ते ९ लाख ७५ हजार डॉलरना गेले. घरांच्या किमती चढत असलेल्या शहरात खरेदीदाराने ७ लाख डॉलरचा तोटा निमूटपणे सोसावा, ही गोष्ट मार्कस स्टर्न या वार्ताहराच्या नजरेत भरली आणि जून २००५ मध्ये त्यांनी ती छापली. विकणारा आणि घेणारा कोण, एवढे कळल्यावर त्या तोट्याचा अर्थ समजायला वेळ लागला नाही. स्टर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या कामाबद्दल पुढच्या वर्षी पुलित्झर पुरस्कार मिळाला.

तपासात सापडलेला एक कागद मुद्दाम नमूद करावा असा आहे. शिक्षेच्या सुनावणीपूर्वी सरकारी वकिलांनी तो न्यायालयापुढे ठेवला. संसदेच्या मुद्रेखाली कनिंगहॅम यांचे नाव छापलेल्या त्या कागदावर दोन रकाने होते. डावीकडे कंत्राटाची रक्कम दशलक्षांत आणि उजवीकडे त्यासाठी द्यायची लाच हजारांत. १ कोटी ६० लाख डॉलरच्या कंत्राटासाठी १ लाख ४० हजार डॉलर किमतीची एक बोट नावावर करून द्यायची. त्यापुढे कंत्राट २ कोटींपर्यंत जाईतो दर दहा लाखांमागे ५० हजार डॉलर आणि त्याच्याही पुढे दर उतरून दहा लाखांमागे २५ हजार. माल जास्त घेणाऱ्याला घाऊक भावात सूट मिळावी तसे हे दरपत्रक होते. लाचखोरीचे खटले सहसा हेतू सिद्ध करण्याच्या टप्प्यावर अडतात, कारण देणारा देणगी म्हणतो आणि घेणारा मैत्री म्हणतो. इथे पदाची किंमत पदाच्याच कागदावर मांडलेली होती. दोषी लोकप्रतिनिधीच्या निवृत्तिवेतनाचा विचार करायला हे प्रकरण विशेष उपयोगी पडते ते याच कारणाने. यात राजकीय सूड, तांत्रिक चूक किंवा संशयाचा फायदा अशा कोणत्याही पळवाटेला जागा नाही. गुन्हा पदावर असताना झाला, पदाचा वापर करून झाला आणि आरोपीने स्वतः तो कबूल केला.

आता निवृत्तिवेतनाचा हिशेब पाहू. १९८४ नंतर निवडून आलेल्या अमेरिकी संसद सदस्यांना संघीय कर्मचाऱ्यांच्या नव्या निवृत्तिवेतन योजनेचे नियम लागू होतात. किमान पाच वर्षे सेवा झालेली असावी लागते आणि सदस्याच्या पगारातून वर्गणी कापली जाते. त्या काळच्या सदस्यांसाठी, पहिल्या वीस वर्षांपर्यंतच्या सेवेला, सर्वाधिक पगाराच्या सलग तीन वर्षांच्या सरासरीचे १.७ टक्के गुणिले सेवेची वर्षे असे सूत्र होते. सदस्याचा पगार २००३ मध्ये १,५४,७०० डॉलर, २००४ मध्ये १,५८,१०० आणि २००५ मध्ये १,६२,१०० होता, म्हणजे सरासरी सुमारे १,५८,००० डॉलर. कनिंगहॅम यांची सेवा जानेवारी १९९१ पासून डिसेंबर २००५ च्या आरंभापर्यंत, जवळपास पंधरा वर्षे. या आकड्यांवरून वर्षाला सुमारे ४० हजार डॉलर येतात. पत्नीसाठी कुटुंब निवृत्तिवेतनाचा पर्याय घेतला तर त्यातून काही रक्कम कमी होते. नौदलाच्या सेवेचे निवृत्तिवेतन याहून वेगळे. त्या वेळी त्यांचे वय ६३ होते, म्हणजे पूर्ण निवृत्तिवेतनासाठी लागणारी ६२ वर्षांची अटही पुरी झालेली होती.

दरपत्रकातला ५० हजारांचा दर आणि वर्षाच्या निवृत्तिवेतनाचा ४० हजारांचा आकडा शेजारी ठेवला की लोकांना चीड का आली ते कळते. दर दहा लाखांच्या कंत्राटामागे त्या माणसाने जेवढे मागितले, त्याहून थोडे कमी पैसे करदाते त्याला आता दरवर्षी, त्याच पदावरच्या सेवेचा मोबदला म्हणून, आयुष्यभर देणार होते.

असा कायदा अमेरिकेत कधीच नव्हता असे मात्र नाही, आणि या प्रकरणातला सर्वांत बोधक भाग तोच आहे. परराष्ट्र खात्यातील माजी अधिकारी ॲल्जर हिस यांच्यावर सोव्हिएत संघासाठी हेरगिरी केल्याचा आरोप होता आणि जानेवारी १९५० मध्ये ते खोटी साक्ष दिल्याबद्दल दोषी ठरले. ते तुरुंगातून सुटण्याच्या बेतात असताना, त्यांना सरकारी निवृत्तिवेतन मिळू नये या उद्देशाने, १९५४ मध्ये एक कायदा झाला. तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मूळ कायद्याची व्याप्ती मोठी होती. अनेक प्रकारच्या गुन्ह्यांसाठी तो संघीय निवृत्तिवेतन हिरावून घेत होता आणि संसद सदस्यही त्याच्या कक्षेत येत होते. व्याप्ती फारच पसरली आणि किरकोळ प्रकरणांतही कर्मचारी भरडले जाऊ लागले, तेव्हा १९६१ मध्ये तो आक्रसून मुख्यतः देशाच्या सुरक्षेशी निगडित गुन्ह्यांपुरता ठेवण्यात आला. आक्रसताना लाचखोरी त्यातून बाहेर पडली. म्हणजे १९५४ ते १९६१ या काळात लाच घेणाऱ्या सदस्याचे निवृत्तिवेतन जाऊ शकले असते. २००५ मध्ये घेणाऱ्याचे जाऊ शकत नव्हते. एका टोकाच्या चुकीची दुरुस्ती दुसऱ्या टोकाला जाऊन केली गेली आणि पुढची पंचेचाळीस वर्षे ती कोणाला खुपली नाही.

ज्यांच्यासाठी तो कायदा झाला त्या हिस यांचे काय झाले, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. १९७२ मध्ये न्यायालयाने त्यांचे निवृत्तिवेतन परत केले. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदाने पूर्वलक्षी शिक्षेचे कायदे करण्यास मनाई केली आहे. कृत्य घडले तेव्हा जो परिणाम कायद्यात नव्हता, तो नंतर जोडून त्या कृत्याला लावता येत नाही. निवृत्तिवेतन थांबवणे ही फक्त प्रशासकीय कारवाई आहे की शिक्षा आहे, हा प्रश्न तिथे आला आणि हिस यांच्या बाबतीत न्यायालयाला ती शिक्षाच वाटली. हा निर्णय मला योग्य वाटतो, हिस निर्दोष होते की नव्हते याच्याशी त्याचा संबंध नाही. एखाद्या माणसाकडे बोट दाखवून मागाहून केलेल्या कायद्याने त्याचे मिळकतीचे साधन काढून घेण्याची मुभा संसदेला मिळाली, तर उद्या ती मुभा बहुमतवाले विरोधकांवर वापरतील.

कनिंगहॅम यांच्याआधीही नमुने कमी नव्हते. प्रतिनिधिगृहातील अर्थविषयक प्रबळ समितीचे अध्यक्ष राहिलेले डॅन रॉस्टेनकोव्स्की १९९६ मध्ये गुन्हा कबूल करून तुरुंगात गेले आणि त्यांचे निवृत्तिवेतन चालू राहिले. जेम्स ट्रॅफिकंट २००२ मध्ये लाचखोरीसह अनेक आरोपांत दोषी ठरले, सभागृहाने त्यांना बडतर्फ केले आणि तरी त्यांच्याही निवृत्तिवेतनाला धक्का लागला नाही. सभागृह सदस्याला हाकलू शकते, पण त्याने केलेल्या सेवेची वर्षे पुसू शकत नाही, हे ट्रॅफिकंट यांच्या वेळीच स्पष्ट झाले होते. त्या वेळी कायदा झाला असता तर कनिंगहॅम यांची त्यानंतरची कृत्ये, म्हणजे घराचा व्यवहारसुद्धा, त्याच्या कक्षेत आली असती.

दरपत्रकाच्या बातमीने मात्र लोकमत ढवळून निघाले. सिनेटर जॉन केरी यांनी कनिंगहॅम यांच्याच नावाचे विधेयक आणले. २००६ मध्ये प्रतिनिधिगृहाने लॉबिंगविषयक सुधारणांच्या विधेयकात निवृत्तिवेतन रोखण्याचे कलम घातले, पण ते विधेयक कायद्यापर्यंत पोहोचले नाही. २००६ च्या निवडणुकीत भ्रष्टाचार हा मोठा मुद्दा झाला, बहुमत बदलले आणि जानेवारी २००७ मध्ये प्रतिनिधिगृहाने निवृत्तिवेतनाचे स्वतंत्र विधेयक एकाही विरोधी मताशिवाय मंजूर केले. अखेर ही तरतूद एका व्यापक नीतिमत्ता कायद्यात समाविष्ट झाली आणि १४ सप्टेंबर २००७ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्यावर सही केली.

या तरतुदीची रचना बारकाईने पाहावी अशी आहे. लाचखोरी, परकीय सरकारचा हस्तक म्हणून काम करणे, जनतेच्या प्रामाणिक सेवेच्या हक्काशी प्रतारणा करणारी फसवणूक, यांचा कट आणि यांच्या संदर्भातली खोटी साक्ष अशा मोजक्या गुन्ह्यांची यादी तिने दिली. त्या यादीतल्या गुन्ह्यासाठी अंतिमतः दोषी ठरलेल्या सदस्याची सदस्य म्हणून झालेली सेवा निवृत्तिवेतनाच्या हिशेबात धरायची नाही, असे तिने ठरवले. त्यासाठी गुन्ह्यातली कृत्ये सदस्य असताना घडलेली हवीत, त्यांचा पदाच्या कर्तव्यांशी थेट संबंध हवा आणि ती कायदा लागू झाल्यानंतरची हवीत. पगारातून कापलेली त्याची स्वतःची वर्गणी त्याला परत मिळते. सैन्यातली किंवा अन्य सरकारी सेवा अबाधित राहते. पत्नी, पती किंवा मुलांच्या बाबतीत एकूण परिस्थिती पाहून, योग्य वाटेल तेवढी रक्कम देण्याचे नियम करण्याची सोयही ठेवली आहे.

वर्गणी परत करण्याची तरतूद मला या कायद्याचा सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग वाटतो. निवृत्तिवेतन म्हणजे पुढे ढकललेला पगार, ती कष्टाची कमाई आहे आणि ती हिरावणे म्हणजे एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा, असा विरोधकांचा मुख्य युक्तिवाद असतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. पण माणसाने स्वतःच्या खिशातून घातलेले पैसे त्याचे त्याला देऊन टाकले की उरते ती करदात्यांनी निष्ठेच्या सेवेसाठी देऊ केलेली रक्कम. ती सेवा विकली गेल्याचे न्यायालयात सिद्ध झाल्यावर तिच्यावरचा दावा पुष्कळच दुबळा होतो. कुटुंबाचा प्रश्न याहून अवघड आहे. घर, गाडी, बोट यांचा उपभोग कुटुंबानेही घेतलेला असू शकतो, आणि ज्या जोडीदाराला काहीच माहीत नव्हते तिच्या म्हातारपणाचा आधारही याच पैशात असू शकतो. इथे कायद्याने ठोक उत्तर न देता प्रकरणागणिक निर्णयाची मुभा ठेवली, ते शहाणपणाचे झाले.

कमकुवत भाग आहे तो गुन्ह्यांच्या यादीचा. अमेरिकेत बहुसंख्य फौजदारी प्रकरणे सरकारी वकील आणि आरोपी यांच्यातल्या तडजोडीने मिटतात. आरोपी काही आरोप कबूल करतो, बाकीचे मागे घेतले जातात. निवृत्तिवेतन जाणे न जाणे जर आरोपपत्रातल्या कलमाच्या क्रमांकावर अवलंबून असेल, तर हुशार वकील वाटाघाटीत पहिले काम करील ते यादीबाहेरचे कलम शोधण्याचे. कनिंगहॅम यांच्या कबुलीत लाचखोरीचा कट होता, म्हणून नव्या कायद्याच्या काळात ते अडकले असते. पण त्यांनी फक्त करचुकवेगिरी कबूल केली असती, तर २००७ च्या यादीने त्यांना हातही लावला नसता.

अशा उणिवा संसदेच्या ध्यानात यायला आणखी एक घोटाळा लागला. प्रतिनिधिगृहाचे माजी सदस्य रॉड ब्लागोयेविच हे इलिनॉयचे राज्यपाल असताना बराक ओबामा यांची रिकामी झालेली सिनेटची जागा विकायला निघाल्याच्या प्रकरणात दोषी ठरले आणि डिसेंबर २०११ मध्ये त्यांना १४ वर्षांची शिक्षा झाली. त्यांचा गुन्हा संसदेत असतानाचा नव्हता, म्हणून संसदेच्या सेवेचे त्यांचे निवृत्तिवेतन सुरक्षित होते. सदस्यांनी गोपनीय माहितीवर शेअर बाजारात पैसे कमावू नयेत यासाठी एप्रिल २०१२ मध्ये झालेल्या कायद्यात सिनेटर मार्क कर्क यांच्या सूचनेवरून ही फट बुजवण्यात आली. गुन्ह्यांची यादी बरीच लांबवली आणि संसद सोडल्यावर इतर निवडून आलेल्या पदावर केलेले गुन्हेही तीत धरले. ब्लागोयेविच यांची कृत्ये अर्थातच त्याआधीची होती, त्यामुळे तेही सुटले. न्यू ऑर्लिन्सचे सदस्य विल्यम जेफरसन, ज्यांच्या घरच्या फ्रीजरमध्ये ९० हजार डॉलर रोख सापडले होते, ते २००९ मध्ये दोषी ठरले. पण कृत्ये २००७ च्या आधीची असल्याने तो कायदा त्यांनाही लागू झाला नाही. हिस, कनिंगहॅम, ब्लागोयेविच अशी ही रांग आहे. प्रत्येकाच्या नावाने संताप झाला, संतापातून कायदा आला आणि तो त्या माणसाला लागला नाही किंवा न्यायालयात टिकला नाही.

'अंतिमतः दोषी' या शब्दांनी आणखी एक वाट मोकळी ठेवली होती. सर्व अपिले संपेपर्यंत दोषसिद्धी अंतिम होत नाही आणि अपिले वर्षानुवर्षे चालतात. तोवर तुरुंगातल्या माजी सदस्याच्या खात्यात निवृत्तिवेतन जमा होत राहू शकत होते. २०२२ च्या अखेरीस सिनेटर रिक स्कॉट आणि जॅकी रोझेन या दोन भिन्न पक्षांच्या सदस्यांचे विधेयक मंजूर होऊन हेही बदलले. आता दोषी ठरल्याच्या दिवसापासूनच रक्कम थांबते आणि पुढे दोषसिद्धी रद्द झाली तर मधल्या काळाची थकबाकी मिळते. न्याय्य तरतूद कशी असावी याचा हा चांगला नमुना आहे, कारण निर्दोष सुटणाऱ्याचे नुकसान होत नाही आणि अपिलाच्या लांबणीचा फायदाही कोणाला मिळत नाही. न्यू जर्सीचे सिनेटर बॉब मेनेंडेझ यांच्याकडे घरझडतीत सोन्याच्या लगडी आणि ४ लाख ८० हजार डॉलरहून अधिक रोकड सापडली होती. जुलै २०२४ मध्ये ते १६ आरोपांत दोषी ठरले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांना ११ वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा हा नियम आधीपासून पुस्तकात होता. कनिंगहॅम यांच्या वेळी जे नव्हते ते इथे होते. कायदा, गुन्हा आणि खटला या वेळी योग्य क्रमाने आले.

स्वतः कनिंगहॅम २०१३ मध्ये शिक्षा भोगून सुटले आणि जानेवारी २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी पद सोडताना त्यांना सशर्त माफी दिली.

भारतीय वाचकाला यातून आपल्या १९५४ च्या खासदार वेतन, भत्ते आणि निवृत्तिवेतन कायद्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्याच्या कलम ८अ नुसार माजी खासदाराला १ एप्रिल २०२३ पासून दरमहा ३१ हजार रुपये आणि पाच वर्षांहून अधिक सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी २,५०० रुपये जादा मिळतात. निवृत्तिवेतन कधी थांबते हेही तेच कलम सांगते. व्यक्ती राष्ट्रपती, उपराष्ट्रपती किंवा राज्यपाल झाली, पुन्हा खासदार झाली किंवा सरकारी पगारावर नेमली गेली, तर तेवढ्या काळापुरते. फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरल्याचा उल्लेख त्यात नाही. दोन किंवा अधिक वर्षांची शिक्षा झालेला खासदार लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ नुसार अपात्र ठरतो, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १० जुलै २०१३ च्या लिली थॉमस निकालानंतर अपिलाचा आडोसाही उरलेला नाही. पण अपात्रता आणि निवृत्तिवेतन यांचा सांधा कायद्याने जोडलेला नाही. शेजारीच महाराष्ट्राच्या नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम, १९८२ मधील नियम २७ ठेवून पाहावा. गंभीर गैरवर्तनाबद्दल निवृत्त कर्मचाऱ्याचे निवृत्तिवेतन पूर्ण किंवा अंशतः रोखण्याचा किंवा काढून घेण्याचा अधिकार तो शासनाला देतो. तलाठी, कारकून, शिपाई या सगळ्यांना हा नियम लागू आहे. अमेरिकी सदस्याच्या पगारातून निदान वर्गणी तरी कापली जाते. आपल्या खासदाराचे निवृत्तिवेतन संपूर्णपणे संचित निधीतून, म्हणजे सरकारी तिजोरीतून येते, त्यामुळे 'माझ्या वर्गणीचे पैसे' हा आक्षेप इथे उभाच राहत नाही. कलम ८अ मध्ये असे पोटकलम घालायचे असेल तर ते एखाद्या विशिष्ट खटल्याचा निकाल लागण्याची वाट न पाहता, पुढच्या तारखेपासून लागू होणारे असावे. गुन्ह्यांची फुटकळ यादी देण्यापेक्षा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखालील सर्व दोषसिद्धी त्यात धराव्यात, अपिलात सुटणाऱ्याला थकबाकी द्यावी आणि कुटुंब निवृत्तिवेतनाचा निर्णय प्रकरणागणिक घ्यावा.